वनस्पती वर्गीकरण, डीएनए-आधारित

वनस्पतींच्या पेशींतील डीएनएचा क्षारकक्रम वाचून, निरनिराळ्या वनस्पतींचे क्रम एकमेकांशी ताडून त्यांची जाती, प्रजाती, कुल व गण ठरविण्याची पद्धत. पान, फूल, फळ यांच्या बाह्य लक्षणांवरून केलेल्या वर्गीकरणात साम्य हा निकष असतो. या पद्धतीत वंश हा निकष असतो. एका समान पूर्वजाचे सर्व वंशज ज्यात येतात, तोच गट नैसर्गिक मानला जातो. १९९० नंतरच्या तीन दशकांत फुलझाडांच्या वर्गीकरणाची फेरमांडणी प्रामुख्याने याच पद्धतीने झाली.

पूर्वपीठिका : कार्ल लिनीअस यांनी १७५३ च्या ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात केसरदले व किंजदले यांवरून वनस्पतींचे वर्ग पाडले. ओळख पटविण्यास ही पद्धत सोपी होती. पण तिच्यात नात्याने दूरच्या वनस्पती एका वर्गात येत. जॉर्ज बेंथॅम व जोसेफ हूकर यांनी १८६२ ते १८८३ या काळात अनेक लक्षणांचा एकत्रित विचार करून अधिक नैसर्गिक मांडणी केली. भारतात हीच पद्धत रुजली. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१–०८) तिच्याच आधारे रचलेला आहे आणि देशातील अनेक हर्बेरियममधील कपाटे आजही त्याच क्रमाने लावलेली आहेत.

बाह्य लक्षणांची मुख्य अडचण ही, की सारख्या परिस्थितीत वाढणाऱ्या वनस्पतींत सारखी लक्षणे स्वतंत्रपणे उपजतात. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा व कॅक्टस कुलातला; तीनधारी निवडुंग एरंड कुलातला. मांसल, काटेरी खोड दोघांनी कोरड्या हवेत वेगवेगळे कमावले. येथे फुले पाहताच फरक कळतो. पण फुलांतही असेच वरवरचे साम्य आले असेल, तर डोळा फसतो आणि वेगळ्या पुराव्याची गरज पडते.

हा पुरावा हाती येण्यास तीन गोष्टी कारणीभूत ठरल्या : फ्रेडरिक सँगर यांची १९७७ ची क्रमवाचनाची पद्धत, डीएनएच्या इवल्याशा अंशाच्या असंख्य प्रती काढणारी कॅरी म्युलिस यांची पीसीआर विक्रिया (१९८३) आणि १९८६ मध्ये जपानी संशोधकांनी वाचलेला तंबाखूच्या हरितलवकाचा सुमारे १,५६,००० क्षारक-जोड्यांचा संपूर्ण क्रम.

जनुकांची निवड : वनस्पती पेशीत डीएनए तीन ठिकाणी असतो—केंद्रक, तंतुकणिका व हरितलवक. सुरुवातीचे बहुतेक काम हरितलवकातील जनुकांवर झाले. पानाच्या एका पेशीत या डीएनएच्या पुष्कळ प्रती असल्याने तो वाळलेल्या पानाच्या लहान तुकड्यातूनही मिळतो. ‘आरबीसीएल’ हे सुमारे १,४०० क्षारक-जोड्यांचे जनुक रुबिस्को या विकराचा मोठा घटक घडविते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड पकडणाऱ्या या विकराशिवाय हिरव्या वनस्पतीचे चालत नाही. म्हणून हे जनुक फार सावकाश बदलते आणि कुले व गण यांच्या तुलनेस उपयोगी पडते. ‘मॅटके’ हे जनुक अधिक वेगाने बदलते. जवळच्या जातींमधील फरक पाहण्यासाठी केंद्रकातील ‘आयटीएस’ हा भाग वापरतात.

कार्यपद्धती : रानात गोळा केलेले कोवळे पान सिलिका जेलमध्ये झटपट वाळवितात, सावकाश वाळल्यास डीएनएचे तुकडे होतात. प्रयोगशाळेत पानाची पूड सीटॅब या द्रव्याच्या सुमारे ६५° से. तापमानाच्या द्रावणात ठेवतात, क्लोरोफॉर्मने प्रथिने वेगळी करतात व अल्कोहॉल घालून डीएनएचा साका मिळवितात. भेंडी कुलातील बुळबुळीत रस किंवा जांभळासारख्या झाडांतील टॅनिने साक्याबरोबर उतरली, तर पुढची पीसीआर विक्रिया अडते. म्हणून अशा वनस्पतींसाठी द्रावणात बदल करावे लागतात. क्रम वाचून झाल्यावर सर्व वनस्पतींचे क्रम एकाखाली एक मांडून स्थानागणिक फरक पाहतात. फरकांची सर्वांत संभाव्य संगती लावून संगणकाने वंशवृक्ष काढतात आणि त्यातील प्रत्येक फांदीला पुराव्याचे किती पाठबळ आहे, हे संख्याशास्त्रीय कसोट्यांनी तपासतात.

एपीजी पद्धती : १९९३ मध्ये मार्क चेस व ४१ सहलेखकांनी सुमारे ५०० सबीज वनस्पतींच्या आरबीसीएल जनुकावरून वंशवृक्ष प्रसिद्ध केला. त्या पायावर आवृतबीज वनस्पतींच्या अभ्यासकांच्या ‘एपीजी’ या आंतरराष्ट्रीय गटाने १९९८ मध्ये नवे वर्गीकरण मांडले व २००३, २००९ आणि २०१६ मध्ये ते सुधारले. चौथ्या आवृत्तीत ६४ गण व ४१६ कुले आहेत. एकदलिकित वनस्पती हा एकाच पूर्वजाचा गट म्हणून टिकला. द्विदलिकित हा गट मात्र टिकला नाही. त्यातील सोनचाफा, सीताफळ, मिरी व दालचिनी यांची शाखा वेगळी निघाली. ज्यांच्या परागकणांवर मुळात तीन खाचा असतात, त्या उरलेल्या बहुसंख्य वनस्पतींना ‘खरी द्विदलिकिते’ म्हणतात. न्यू कॅलेडोनिया बेटावरील अँबोरेला या झुडपाची शाखा इतर सर्व फुलझाडांपासून सर्वांत आधी फुटल्याचे १९९९ च्या सुमारास दिसून आले.

कमळ व कुमुद : या पद्धतीचे बळ दाखविणारे हे ठळक उदाहरण. बेंथॅम-हूकर पद्धतीत कमळ व कुमुद एकाच कुलात होती. दोघांची मुळे चिखलात, पाने गोल, फुले मोठी व पुष्कळ पाकळ्यांची. डीएनएने कुमुदाला फुलझाडांच्या अगदी प्राचीन शाखेवर ठेवले आणि कमळाचे जवळचे नातलग म्हणून काश्मीरचा चिनार व चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात तो सिल्व्हर ओक पुढे आणले. पाणवनस्पतीची भावंडे वृक्ष असावीत, हे प्रथम अनेकांना पटले नाही. परंतु लक्षणे पुन्हा तपासता पुरावे सापडले. कमळाच्या परागकणावर तीन खाचा असतात, कुमुदाच्या परागकणाला एकच द्वार असते. कमळाचा देठ पानाच्या मध्यभागी जोडलेला असून पूर्ण वाढलेले पान पाण्याच्या वर उभे राहते. कुमुदाचे पान देठापाशी चिरलेले असून पाण्यावर पसरते. कमळाची फळे सच्छिद्र, सपाट माथ्याच्या पुष्पासनात सुटी बसलेली असतात. कुमुदाचे फळ स्पंजासारखे मऊ असून पाण्याखाली पिकते. लक्षणे डोळ्यांसमोरच होती. त्यांपैकी कोणती वंशदर्शक, हे डीएनएमुळे कळले.

परिचित वनस्पतींच्या स्थानांतील बदल : साग व निर्गुडी साग कुलातून तुलसी कुलात गेली. रुईचे कुल करवीर कुलात आणि काटेसावरीचे शाल्मली कुल भेंडी कुलात विलीन झाले. डाळिंब व शिंगाडा मेंदी कुलात आले. पूर्वीचे विस्तृत लिलिएसी कुल मोडले : कांदा-लसूण, शतावरी, कोरफड व कळलावी आता चार वेगवेगळ्या कुलांत आहेत. अकेशिया प्रजाती एकसंध नसल्याचे आढळल्यावर ते नाव ऑस्ट्रेलियन जातींच्या गटासाठी राखण्याचा निर्णय २००५ च्या व्हिएन्ना काँग्रेसमध्ये झाला व २०११ मध्ये मेलबर्न येथे कायम राहिला. त्यामुळे आपली बाभूळ व्हॅचेलिया व खैर सेनेगालिया झाला, तर कोकणात लागवड झालेली ऑस्ट्रेलियन बाभूळ अकेशियाच राहिली.

प्रत्येक बदल सर्वमान्य होतोच असे नाही. सह्याद्रीत अनेक प्रदेशनिष्ठ जाती असलेल्या कंदीलपुष्पाच्या सेरोपेजिया प्रजातीतच ब्रॅकिस्टेल्मा व माकडशिंगाचा गट उगम पावल्याचे डीएनएवरून दिसते. म्हणून २०१७ मध्ये या सर्वांना सेरोपेजियात घेणारी मांडणी प्रसिद्ध झाली. तरीही अनेक अभ्यासक जुनी नावेच वापरतात. वंशवृक्ष नाते सांगतो; प्रजातीची सीमा कोठे आखायची, हे माणसांनाच ठरवावे लागते.

डीएनए बारकोड : अज्ञात नमुन्याची जाती ओळखण्यासाठी ठरावीक लहान डीएनए-खंड वापरण्याची कल्पना कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये प्राण्यांसाठी मांडली. प्राण्यांत उपयोगी पडणारे तंतुकणिकेतील जनुक वनस्पतींत फार सावकाश बदलते. म्हणून २००९ मध्ये आरबीसीएल व मॅटके ही जोडी वनस्पतींसाठी निवडली गेली. त्या चाचणीत तिने ७२ टक्के जाती अचूक वेगळ्या केल्या. औषधी द्रव्यांतील भेसळ ओळखण्यास बारकोड फार मोलाचा आहे. सीता अशोकाची साल म्हणून आसुपालवाची साल किंवा दारुहळदीच्या जागी तिच्यासारखे पिवळे दुसरे लाकूड विकले जाते. साल वा पूड झाल्यावर डोळ्यांनी हा फरक सांगणे कठीण असते. मात्र दीर्घकाळ उकळलेल्या काढ्यात वा अर्कात डीएनए तुटलेला असल्याने तेथे रासायनिक कसोट्याच लागतात.

मर्यादा : बहुतेक फुलझाडांत हरितलवक मातेकडून येते, त्यामुळे संकरातील पित्याचा वाटा त्याच्या डीएनएत दिसत नाही. गव्हाच्या केंद्रकात तीन वेगवेगळ्या पूर्वजांचे जीनसंच एकत्र आले आहेत. अशा वनस्पतीचा इतिहास एका जनुकावरून कळत नाही. रॅफ्लेसियासारख्या परजीवींत यजमान वनस्पतीची जनुके शिरलेली आढळतात. यावर उपाय म्हणजे पुष्कळ केंद्रकीय जनुके एकाच वेळी वाचणे. लंडनजवळील क्यू येथील शाही वनस्पती उद्यानाच्या पुढाकाराने २०२४ मध्ये ३५३ केंद्रकीय जनुकांवर आधारित सुमारे ९,५०० जातींचा वंशवृक्ष प्रसिद्ध झाला. त्यात फुलझाडांच्या सुमारे ६० टक्के प्रजाती आल्या आहेत. यासाठी वापरलेल्या हर्बेरियम नमुन्यांपैकी काही जवळपास २०० वर्षांपूर्वीचे होते.

हर्बेरियमचे स्थान : डीएनए आल्यावर हर्बेरियमची गरज संपली, हा समज चुकीचा आहे. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जातीचे नाव प्ररूप नमुन्याशी बांधलेले असते. केवळ डीएनए क्रम प्ररूप ठरू शकत नाही. मुंबईतील ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम केंद्र अशा संग्रहांतील पत्रके त्यामुळे वनस्पतीच्या ओळखीचा आधार तर आहेतच, शिवाय ती पुढील संशोधनासाठी डीएनएची साठवणही आहेत. झाडाची ओळख चुकली, तर सार्वजनिक माहितीकोशात त्याचा क्रम चुकीच्या नावाने नोंदला जातो आणि ती चूक पुढच्या प्रत्येक तुलनेत उतरते. म्हणून क्रम काढलेल्या प्रत्येक वनस्पतीचा वाळविलेला नमुना स्थळ, तारीख व संग्राहकाच्या क्रमांकासह मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये जमा केलाच पाहिजे. असा नमुना नसेल, तर तो क्रम पडताळता येत नाही आणि त्यावर उभारलेले वर्गीकरण ग्राह्य धरू नये.