परसातला रॅम्प : मुलाच्या पडण्याची जबाबदारी कोणाची?

आज आपण एका लाकडी वस्तूचा इतिहास पाहणार आहोत. ही वस्तू म्हणजे अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, आईवडिलांनी मुलांसाठी घराच्या परसात उभारलेला स्केटबोर्डचा रॅम्प. कोणी म्हणेल, ह्यात इतिहास तो काय? चार फळ्या, मूठभर स्क्रू आणि एक रविवार. पण ह्या रॅम्पमागे दुष्काळ आहे, विमा आहे, कायदाही आहे. आणि एक प्रश्न आहे: मूल खेळताना पडणारच, तर त्या पडण्याची जबाबदारी कोणी घ्यायची?

सुरुवात चाकापासून करू. 1960 च्या दशकातली चाकं मातीच्या संमिश्रणाची असत. खडा आडवा आला की बोर्ड जागीच थांबायचा आणि पोरगं पुढे उडायचं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्थी ह्या तरुणाने युरेथेनची चाकं बाजारात आणली. ही चाकं जमीन धरून ठेवत. त्यामुळे उतारावर वळणं घेता येऊ लागली, भिंतीसारख्या चढावर जाता येऊ लागलं.

मग 1976 आणि 1977 साली कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले. ह्या तलावांचा तळ वाडग्यासारखा गोलाकार. सांता मोनिका-व्हेनिस भागातल्या झेफर संघाच्या मुलांना ह्या वाडग्यांनी नवा खेळच दिला. अर्थात तलाव दुसऱ्याचा, आत शिरायचं चोरून, आणि मालक आला की पळ काढायचा.

ह्याच सुमारास एन्सिनिटास गावची काही मुलं ॲरिझोनाच्या वाळवंटात जात होती. तिथे पाणीयोजनेसाठी आणलेले 24 फूट व्यासाचे प्रचंड पाइप पडलेले असत. त्यांतल्या टॉम स्टुअर्टच्या डोक्यात आलं, इतक्या लांब कशाला जायचं? त्याचा भाऊ माइक वास्तुविशारद. भावाने आराखडा काढला आणि 1975 च्या सुमारास टॉमने घरापुढच्या अंगणात लाकडी हाफपाइप उभा केला. हाफपाइप म्हणजे काय, तर उभा चिरलेला अर्धा पाइप. ती बातमी पसरली, आणि टॉमने ‘रॅम्पेज’ नावाने आराखडेच विकायला सुरुवात केली. इथे आपण जरा थांबू या. एका मुलाची युक्ती कागदावर उतरली, आणि ज्याच्याकडे करवत आहे अशा कुठल्याही बापाच्या हाती ती पोचू शकत होती.

ही करामत कशी करतात, तेही बघू. प्लायवूडच्या पत्र्यावर गोल काढायला एवढा मोठा कंपास मिळणार कुठे? म्हणून एका टोकाला खिळा, सहा फूट दोरी, दुसऱ्या टोकाला पेन्सिल. तीन फूट उंचीपर्यंत तो कंस कापला, की वरच्या काठाशी चढ होतो 60 अंशांचा. म्हणजे तीव्र, पण उभी भिंत नव्हे. अशा दोन बाजू कापायच्या, मध्ये आडवे वासे ठोकायचे, त्यावर पातळ प्लाय वाकवून दोन थरांत बसवायचा, काठावर पाइप लावायचा. पुढे दोन कंसांच्या मध्ये सपाट तळ आला. एका चढावरून उतरून दुसऱ्यावर जाण्याआधी तोल सावरायला त्याने क्षणभर मिळतो. मुलाला किती भीती पेलेल, हे इथे दोरीच्या लांबीने ठरतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. 1976 मध्ये कार्ल्सबॅडला स्केटपार्क सुरू झाला, आणि पाठोपाठ तिकीट लावणारे असे अनेक पार्क निघाले. पण मुलं पडली, हाडं मोडली, दाव्यांची धास्ती बसली आणि विम्याचे हप्ते परवडेनासे झाले. 1980 च्या आसपास बरेच पार्क बंद पडले. खेळ मात्र संपला नाही. तो परसात गेला. समाजाने अंगाबाहेर टाकलेली जोखीम आईबापांनी घरी आणली.

ह्याचं ठळक उदाहरण म्हणजे टोनी हॉक. 1968 चा जन्म, वडील फ्रँक तेव्हा पंचेचाळिशीचे, नौदलातले निवृत्त वैमानिक. थोरल्या भावाने जुना बोर्ड दिला आणि ह्या अस्वस्थ पोराला वाट सापडली. वडिलांनी परसात रॅम्प बांधून दिला. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. स्पर्धा भरवणारं कोणी धड नाही, हे बघून 1983 मध्ये त्यांनी नॅशनल स्केटबोर्ड असोसिएशन उभी केली.

पण मंडळी, परस असायला आधी घर लागतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने काय करायचं? ह्याला एक उत्तर पोर्टलंडमध्ये मिळालं. 1990 मध्ये बर्नसाइड पुलाखाली तिथल्या स्केटरांनी परवानगी न घेताच काँक्रीट ओतायला सुरुवात केली. शहराने नंतर ते मान्य केलं. दुसरं उत्तर कायद्याने दिलं. कॅलिफोर्नियाने 1997 मध्ये कायदा केला आणि 1998 पासून स्केटबोर्डिंग धोकादायक खेळांच्या यादीत आलं. ऐकायला ही बंदी वाटते, परिणाम उलटा झाला. धोका माहीत असून खेळणाऱ्याची जबाबदारी मोठ्या प्रमाणात त्याचीच ठरली. हेल्मेट, कोपर-गुडघ्यांचे पॅड सक्तीचे झाले. आणि नगरपालिका सार्वजनिक पार्क बांधायला धजावल्या.

तेव्हा परसातल्या रॅम्पचं ऐतिहासिक काम आमच्या मते हे: सार्वजनिक दारं बंद होती त्या काळात त्याने हा खेळ जगवला. पण जगवला तो अंगण असलेल्यांच्या मुलांसाठी. बाकीच्यांसाठी शहरालाच पुढे यावं लागलं. आपल्या गल्लीत ‘येथे खेळू नये’ अशी पाटी लावताना आपणही हा हिशेब करायला हवा: ह्या पाटीने पडणं थांबेल, की ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांचंच खेळणं थांबेल?

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.