भांगेच्या झाडाने घातलेले कोडे

विद्येचा इतिहास म्हणजे विद्वानांच्या यशाची जंत्री, असा आपला एक समज असतो. परंतु एखादे साधे झाडदेखील विद्वानांची परीक्षा पाहते. भांगेच्या झाडाने ती कशी पाहिली, हे सांगण्याजोगे आहे.

भांगेत नर आणि मादी ही झाडे सामान्यतः निराळी असतात. नराचा पराग वाऱ्याने मादीवर पडावा आणि मग बी धरावे, हा नियम. वनस्पतींतही असा लिंगभेद असतो, हे जर्मनीतील ट्यूबिंगेनचा प्राध्यापक रूडोल्फ कामेरारियस याने १६९४ साली प्रयोगांच्या आधारे एका पत्ररूप ग्रंथात मांडले. एरंडाची नरफुले उमलण्यापूर्वी खुडली, तर सकस बी धरत नाही, असे त्याने दाखविले. मात्र भांगेची मादी झाडे त्याने वेगळी लावली, तरी त्यांना बी आलेच! आपल्याच सिद्धान्ताला बाध आणणारी ही गोष्ट त्याने लपविली नाही. पत्रात प्रांजळपणे नमूद केली. पुढे १७८० च्या सुमारास इटलीतील स्पालांझानी याला हाच अनुभव आला. त्याने मात्र त्यावरून, काही वनस्पतींना बी धरण्यास परागाची गरजच नसते, असा निष्कर्ष काढला.

कोड्याचे उत्तर झाडावरच होते. मादी झाडावर कधीकधी चार-दोन नरफुले येतात. ती पानांच्या बेचक्यांत दडलेली असतात आणि तेवढा पराग पुरेसा होतो.

ग्रंथात जी गोष्ट अपवाद ठरली, ती शेतकऱ्याच्या पोटावर येणारी होती. कारण बी धरले की गांजाचा कस उतरतो. १८९३-९४ साली सरकारने नेमलेल्या आयोगाने बंगालमधील नौगाव येथील लागवडीचे बारकाईने वर्णन केले आहे. हे ठिकाण आज बांगलादेशात आहे. तेथे ‘पोद्दार’ नावाचा पारखी मजुरी घेऊन शेत तपासत असे. तो नरझाडे हेरून मोडी आणि शेतकरी ती उपटून टाकी. एका फेरीने काम भागत नसे; राहिलेले नर आणि मागाहून दिसणारी नरफुले यांसाठी पुनःपुन्हा फिरावे लागे. आपल्या अहमदनगर जिल्ह्यातही त्या काळी गांजा पिकत असे. १९८५ च्या कायद्यान्वये आज परवान्यावाचून अशी लागवड करणे हा गुन्हा आहे.

अलीकडे बियाणे तयार करणारे चांदीच्या क्षाराचा फवारा देऊन मादी झाडावर मुद्दाम नरफुले आणवितात. त्या परागापासून धरलेल्या बियांतून बहुतेक मादी झाडेच निपजतात. ज्याला दोष म्हणून उपटले, तेच आज साधन झाले आहे.

पोद्दाराला सिद्धान्ताची गरज नव्हती; त्याला नजर होती. कामेरारियसपाशी सिद्धान्त होता आणि त्याला न जुळणारे लिहून ठेवण्याचे धैर्यही होते. स्पालांझानी मात्र एका अपवादावरून नियम मोडायला निघाला. नियमाबाहेरचे काही दिसले, तर ते झाकू नये आणि त्यावर घाईने इमलाही रचू नये; पुन्हा एकदा शेतात जाऊन पाहावे.