कोर्दोबा येथील विद्यार्थी व विद्यापीठाची घटना

विद्यापीठाच्या कारभारांत विद्यार्थ्यांस स्थान असावें कीं नसावें, हा वाद अगदीं अलीकडचा आहे अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं आढळते. ती निराधार होय. तेराव्या शतकांत इटलींतील बोलोन्या येथें विद्यार्थ्यांचेच संघ प्रबळ होते. कुलगुरु त्यांच्यांतून निवडला जाई; अध्यापक त्याच्या आज्ञेंत राहण्याची शपथ घेत, आणि पाठास उशीर केल्यास दंड भरीत. गुरुगृहाच्या कल्पनेंत वाढलेल्या आम्हांस हें विपरीत वाटेल. तथापि तैत्तिरीयोपनिषदांतील आचार्यही शिष्यास आपल्या केवळ चांगल्या आचरणाचेंच अनुकरण करावयास सांगतो. म्हणजे गुरूची पारख करण्याचा अधिकार तो शिष्यास देतोच.

बोलोन्याची ती व्यवस्था कालांतरानें लोपली. विसाव्या शतकांत हा प्रश्न पुन्हां ऐरणीवर आला तो अर्जेंटिनांतील कोर्दोबा येथें, १९१८ सालीं. तेथील विद्यापीठाचा उगम १६१३ सालच्या जेझुइट विद्यालयांत आहे. त्याच्या विद्याशाखांचा कारभार तहहयात सभासदांच्या मंडळांकडे असे. १९१७ च्या अखेरीस रुग्णालयांतील विद्यार्थ्यांचें वसतिस्थान बंद झालें. एवढ्याशा कारणावरून असंतोष भडकला व मार्च १९१८ च्या अखेरीस संप झाला. अध्यक्ष इरिगोयेन यांनीं मातिएन्सो यांस तपासास धाडलें. त्यांनीं तहहयात सभासदत्व मोडून निवडणुकीचा अधिकार अध्यापकवर्गास दिला. विद्यार्थ्यांनीं त्याचें स्वागत केलें.

येथेंच त्यांचा भ्रमनिरास झाला. ता. १५ जूनच्या कुलगुरुनिवडणुकींत विद्यार्थ्यांस मान्य असलेले मार्तीनेस पास पडले व जुन्या पक्षाचे नोरेस निवडून आले. घटना नवी, मतदार नवे, परंतु सत्ता जुन्याच हातीं! विद्यार्थी सभागृहांत घुसले, त्यांनीं भिंतींवरील तसबिरी फोडल्या. हें कृत्य प्रस्तुत लेखकास समर्थनीय वाटत नाहीं. परंतु तो केवळ पराभूतांचा संताप होता, असें म्हणणाऱ्यांनीं पुढील सहा आठवडे पाहावेत. ता. २१ जून रोजीं देओदोरो रोका यांनीं लिहिलेला जाहीरनामा प्रसिद्ध झाला, आणि जुलैंत देशांतील विद्यार्थ्यांची परिषद कोर्दोबा येथेंच भरून मागण्यांस रीतसर रूप आलें. जूनपूर्वीं तक्रार मुख्यतः अधिकाऱ्यांविषयीं होती. आतां ती अधिकाराच्या मुळाविषयीं झाली. अध्यापकांनींच अध्यापक निवडावयाचे तर विद्यार्थ्याचें हित कोणाच्या मतानें रक्षिलें जाणार, हा त्यांचा प्रश्न होता, व त्यास सयुक्तिक उत्तर विरुद्ध पक्षाजवळ नव्हतें.

ऑगस्टांत नोरेस यांनीं राजीनामा दिला. ता. ९ सप्टेंबर रोजीं विद्यार्थ्यांनीं विद्यापीठाचा ताबा घेतला आणि त्यांचे तीन पुढारी तीन विद्याशाखांच्या अधिष्ठातृपदांवर बसले! लष्करानें ८३ जणांस कैद करून तो प्रयोग त्याच दिवशीं संपविला. परंतु त्यानंतर खुद्द शिक्षणमंत्री सालिनास यांस कोर्दोब्यास यावें लागलें, आणि त्यांनीं घडविलेल्या सुधारणांत कारभारीमंडळांच्या निवडणुकींत विद्यार्थ्यांस स्थान मिळालें.

पुढील वर्षींच पेरू देशांतील लिमा येथें विद्यार्थ्यांनीं हाच झगडा उभारला. अर्जेंटिनांत १९३० व १९६६ सालच्या लष्करी सत्तांनीं विद्यापीठांचें स्वातंत्र्य हिरावून घेतलें. तरी आज तेथील राष्ट्रीय विद्यापीठांच्या कारभारीमंडळांत विद्यार्थ्यांनीं निवडून दिलेले प्रतिनिधी बसतात.