उंबरा आणि पायरी

तरुणपणी मी आणि कुबड्यांवर चालणारा माझा एक मित्र कोपरगावात भाड्याची खोली शोधत हिंडत होतो. कुठे जिना आडवा यायचा, कुठे माझं नाव ऐकल्यावर खोली 'कालच दिली' असं कळायचं. मित्र म्हणाला, "तुला उंबरा अडवतो, मला पायरी."

मंडळी, निवाऱ्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला तो मुंबईच्या फुटपाथमुळे. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवण्याचं जाहीर केलं. ऐन पावसात झोपड्या मोडल्या. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतरांनी याचिका केल्या. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र मान्य झाला नाही. ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळाली.

अपंगांसाठी कायदा आला १९९५ मध्ये. पुढे २०१६ च्या कायद्याने संबंधित घरकुल योजनांत पाच टक्के घरं राखून ठेवली. पण घर मिळालं तरी रस्ता, बस, कचेरी यांच्या पायऱ्या राहिल्याच. त्यासाठी दृष्टिहीन असलेले राजीव रतुरी २००५ पासून न्यायालयात झगडत होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. हा निकाल दिला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी, आपल्या कामकाजाच्या शेवटच्या दिवशी. वडिलांचा निकालही निवृत्तीच्या आदल्या दिवशीचा!

तरी खासगी घरमालकाचं दार बाहेरच राहिलं. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने वंश, धर्म पाहून घर नाकारायला बंदी केली. १९८८ मध्ये त्यात अपंगत्वही आलं. आपल्याकडे भाड्याच्या घरासाठी असा सर्वसाधारण कायदा नाही.

आम्हाला शेवटी एका म्हाताऱ्या आजींनी खोली दिली. नाव विचारलं, भाडं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पायरीपुढे मुरूम टाकून उतार करून घेतला. त्या आजी आता नाहीत. त्यांची आठवण आली की वाटतं, सगळ्यांच्या नशिबी अशी आजी कुठून येणार? ज्यांना ती भेटत नाही, त्यांच्यासाठीच तर कायदा लागतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)