‘ळ’ या वर्णाचा पूर्वेतिहास

मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर, परिशिष्टात टाकल्यासारखा येतो. अभिजात संस्कृतात त्याला स्थान नाही. तो मराठीत कोठून आला याविषयी दोन समजुती रूढ आहेत : एक, तो वेदांतून उतरला, दुसरी, तो द्राविड शेजाऱ्यांकडून उसना घेतला. दोन्ही तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ऋग्वेदात ‘ईळे’सारखी रूपे आढळतात हे खरे. परंतु तेथील ळ म्हणजे दोन स्वरांमधील डचे रूपांतर होय, आणि ऋक्प्रातिशाख्याने ते नियम म्हणून सांगितलेही आहे. मराठीतील गूळ (गुड), सोळा (षोडश), डाळिंब (दाडिम) हे शब्द या जातीचे म्हणता येतील. बहुसंख्य ळकार मात्र लपासून निघाले आहेत : फल–फळ, कुल–कुळ, मूल–मूळ. प्राकृतात दोन स्वरांमध्ये एकेरी असलेल्या लचा ळ झाला. द्वित्त ‘ल्ल’ एकेरी होऊन ल म्हणूनच टिकला. तैल–तेल्ल–तेल, गल्ल–गाल ही दुसऱ्या प्रकारची उदाहरणे. संस्कृत ‘काल’ मराठीत ‘काळ’ झाला आणि मराठी ‘काल’ हा ‘कल्य’–‘कल्ल’ यावरून आला, हे विद्यार्थ्यांना प्रथम गमतीचे वाटते. पण नियमाची खरी कसोटी येथेच लागते. ‘गेला’, ‘आला’ यांतील लचाही उगम ‘-इल्ल’ या प्राकृत प्रत्ययात शोधला जातो. झ्यूल ब्लॉख यांच्या मराठीविषयक ग्रंथामुळे (पॅरिस, १९२०) अशा विवेचनाला पक्का पाया मिळाला.

द्राविड उसनवारीचा पक्ष भोकरसारख्या सीमाभागात सहज पटण्याजोगा वाटतो, कारण तेलुगू येथे परकी नाही. पण तेलुगूत ‘इल्लु’ म्हणजे घर आणि ‘इळ्ळु’ म्हणजे घरे. द्वित्त ळ तेथे अगदी नेहमीचा. मराठीच्या वारशाने आलेल्या शब्दांत तो नाही. शिवाय राजस्थानी व पंजाबी या दूरच्या भाषांतही ळ आहेच. उसना वर्ण प्राकृतातील एकेरी-दुहेरीचा भेद इतक्या काटेकोरपणे कसा पाळील? शेजारामुळे तो टिकून राहण्यास साहाय्य झाले असेल, इतकेच फार तर म्हणता येईल.

पुढे तत्सम शब्द पुन्हा आले आणि जोड्या तयार झाल्या : झाडाला फळ, पण संशोधनाचे फलित; घरात बाळ, पण वाङ्मय बालांचे.

एका व्यावहारिक गोष्टीकडे मात्र लक्ष वेधावयाचे आहे. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील कारभार उर्दूतून चाले. उर्दू लिपीत ळसाठी स्वतंत्र अक्षर नाही. ‘काळे’ आणि ‘काले’ लामने लिहिले तर एकच दिसतात. तेव्हा केवळ उर्दू नोंदीवरून एखाद्या गावनावात ल होता की ळ, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे. मोडीत ळ स्वतंत्र लिहिला जातो. म्हणून मोडी कागद उपलब्ध असतील तेथे ते आधी पाहावेत आणि गावातील वृद्धांचा उच्चारही टिपून घ्यावा.