गुहांतील सूक्ष्म प्राण्यांचे अवशेष व प्राचीन हवामान : लोहारा परिसराच्या संदर्भात

गुहेच्या तळाशी साठत गेलेल्या मातीत उंदीर, चिचुंद्र्या, वटवाघळे, सरडे, बेडूक, गोगलगायी यांचे अवशेष मिळतात. त्यांवरून त्या त्या काळातील पाऊसमान, तापमान आणि झाडोरा यांचा अंदाज बांधण्याची ही पद्धत पुराहवामानशास्त्रात रूढ आहे. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुका आणि एकूणच मराठवाडा बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा प्रदेश आहे. पाण्याने विरघळून खोल गुहा तयार होतात त्या चुनखडकात. धाराशिवची किंवा खरोशाची लेणी माणसाने कोरलेली असून जेमतेम दीड हजार वर्षांची आहेत. त्यामुळे लोहाऱ्याच्या वाचकाला या पद्धतीचे उत्तम उदाहरण पाहायचे तर सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर आग्नेयेला, आंध्र प्रदेशात जावे लागते.

हत्ती किंवा गवा चाऱ्या-पाण्यासाठी लांबवर फिरतो. उंदराचे आयुष्य एखाद्या बांधाच्या आसपास सरते, म्हणून त्याचे हाड जवळच्याच परिसराविषयी बोलते. कोरड्या माळावर, दाट झाडीत आणि ओलसर गवतात राहणाऱ्या उंदरांच्या जाती वेगवेगळ्या असतात. एका थरात माळावरच्या जाती वाढल्या आणि झाडीतल्या घटल्या, की परिसर कोरडा पडत गेल्याची शक्यता पुढे येते.

हे अवशेष गुहेत येतात ते बहुतांशी घुबडांमुळे. गव्हाणी घुबड उंदीर सगळाच गिळते, मांस पचवते आणि केस व हाडे गोळ्याच्या रूपात ओकून टाकते. पक्षीनिरीक्षक या गोळ्याला पेलेट म्हणतात. घुबडांची बसण्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली, तर तिच्याखाली हाडांचा थर साचतो. उत्खननात प्रत्येक थराची माती वेगळी ठेवून बारीक जाळीच्या चाळणीत पाण्याने धुतात. दाढांवरच्या उंचवट्यांची ठेवण जातीगणिक बदलते, त्यामुळे उंदरांची ओळख मुख्यतः सूक्ष्मदर्शकाखाली दाढा पाहून पटवली जाते. ढोबळ चाळणी वापरली तर नेमक्या याच दाढा निसटतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. घुबड जनगणना करीत नाही. त्याला जे सापडते आणि झेपते तेच ते खाते. रात्री हिंडणारे प्राणी गव्हाणी घुबडाच्या भक्ष्यात जास्त असतात, दिवसा वावरणारे कमी. शिवाय कोल्हे, रानमांजरे यांच्या विष्ठेतूनही हाडे गुहेत पडतात. पीटर अँड्र्यूज यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आउल्स, केव्हज अँड फॉसिल्स’ या ग्रंथात हाडांची मोडतोड आणि पाचकरसाने झालेली झीज यांवरून शिकारी कोण होता हे ओळखण्याची रीत मांडली. शिकारी ठरवल्याशिवाय हवामानाचा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरते.

दातांच्या एनॅमलमधील कार्बनच्या समस्थानिकांवरून प्राण्याच्या आहाराचाही माग लागतो. प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीनुसार उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते सी-४ प्रकारची असतात, तर झाडे-झुडपे प्रामुख्याने सी-३ प्रकारची, आणि दोन्हींची कार्बनची खूण वेगळी असते. मात्र ज्वारी, बाजरी आणि ऊस हीसुद्धा सी-४ पिके आहेत आणि तूर, हरभरा सी-३. म्हणजे लोहाऱ्याच्या शिवारातील आजच्या उंदराच्या दातात गवताळ प्रदेशाची खूण उमटली, तरी ती हवामानाची नसून ज्वारीची असू शकते. शेती सुरू झाल्यानंतरच्या थरांचा अर्थ लावताना हा घोटाळा कायम डोक्यात ठेवावा लागतो.

सुरुवातीला उल्लेखलेले उदाहरण म्हणजे आंध्र प्रदेशातील बेतमचर्लाजवळच्या (आता नंद्याल जिल्हा) बिल्लासुरगम गुहा. त्यांची नोंद कॅप्टन न्यूबोल्ड यांनी १८४४ मध्ये केली. १८८०च्या दशकात रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचा मुलगा हेन्री यांनी तेथे खोदकाम केले. मिळालेल्या हाडांचे वर्णन रिचर्ड लिडेकर यांनी केले. विसाव्या शतकात एम. एल. के. मूर्ती यांनी त्याच टापूतील मुच्चटला चिंतामानु गवी या गुहेत काम केले. पुढे बिल्लासुरगमच्या थरांचे ल्युमिनेसन्स पद्धतीने कालमापन झाले आणि २०१४ मध्ये पॅट्रिक रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी सुमारे दोन लाख वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. ओळख पटलेल्या सस्तन प्राण्यांच्या २१ प्रकारांपैकी एक सोडून बाकी सगळे भारतीय उपखंडात आजही आहेत. नाहीसा झालेला एकमेव प्राणी म्हणजे इथिओपियातील जेलाडाचा नातलग असलेले माकड. या काळात मॉन्सून अनेकदा जोर धरून पुन्हा ओसरला. तरीही झाडी, माळ आणि पाणथळ जागा जवळजवळ असल्याने प्राण्यांना आसरा मिळत राहिला, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. दख्खनच्या हवामानाची कथा सरसकट विनाशाची म्हणून सांगणाऱ्यांनी हा पुरावा आधी पाहावा.

बेसाल्टच्या मुलखात पुरावा वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो. मांजरा खोऱ्यात, लातूर जिल्ह्यातील गांजूर, हारवाडी यांसारख्या ठिकाणी नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या थरांत हत्ती, पाणघोडा, रानबैल यांचे जीवाश्म मिळाले असून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यांवर काम केले आहे. पाणघोडा म्हणजे बारमाही खोल पाणी. याउलट जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याची कोरीव नक्षी असलेली कवचे मिळाली. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या या कवचांवरून मोकळ्या गवताळ प्रदेशाची कल्पना येते. अलीकडच्या दहा-अकरा हजार वर्षांसाठी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचा गाळ उपयोगी पडतो. त्यात सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा एक दीर्घ कोरडा कालखंड दिसतो.

लोहारा तालुक्यात माकणीच्या धरणावरून वाहणारी तेरणा पुढे मांजरेलाच मिळते. तिच्या काठच्या गाळात वाळू उपसताना किंवा विहीर खणताना दगडासारखे जड हाड आढळल्यास ते उपटून घरी नेऊ नये. जागा, खोली आणि आजूबाजूच्या मातीचा रंग टिपून, छायाचित्र काढून तहसील कार्यालयाला किंवा डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. थरातून सुटलेल्या हाडाचे वय ठरवणे फार अवघड होते.