नट, पीतपत्र आणि प्रेक्षक

कुंभकोणम हे सर टी. माधवरावांचे जन्मग्राम म्हणून मराठी वाचकास परिचित आहे. तमिळ नाट्येतिहासात मात्र त्याची ख्याती बालामणी अम्माळ हिच्यामुळे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या नटीने येथे केवळ स्त्रियांची नाटकमंडळी चालविली, आणि तिचे खेळ पाहण्यासाठी खास आगगाड्या सुटत असत, असे सांगतात. आगगाडीने येणारा तो प्रेक्षक निव्वळ भूमिका पाहावयास येत नव्हता. भूमिकेमागील स्त्रीविषयीही त्यास कुतूहल होते. नटाच्या खाजगी आयुष्यावर आपला काही हक्क आहे, ही समजूत वृत्तपत्रांनी निर्माण केली असे आपण मानतो. वस्तुतः तिचे बीज प्रेक्षागृहातच पडलेले असते.

या बीजाचे विषवृक्षात रूपांतर कसे होते, हे याच कावेरीकाठच्या एका गायकनटाच्या चरित्रात दिसते. एम. के. त्यागराज भागवतर यांचा जन्म १९१० साली कुंभकोणमच्या पूर्वेस असलेल्या मायवरम येथे झाला. रंगभूमीवरून ते चित्रपटात गेले आणि तमिळ जनतेचे दैवत बनले. १९४४ च्या दिवाळीत त्यांचा ‘हरिदास’ प्रदर्शित झाला. आईबापांना छळणारा, गणिकेच्या नादी लागणारा आणि अखेर पश्चात्तापाने मातृपितृसेवेत रमणारा हा नायक पाहताना मराठी मनास पुंडलिकाची आठवण व्हावी.

त्याच सुमारास मद्रासेत सी. एन. लक्ष्मीकांतन हा ‘सिनेमा तूदु’ या पत्रातून नटनट्यांच्या चारित्र्याचे धिंडवडे काढीत होता. भागवतर, विनोदी नट एन. एस. कृष्णन आणि दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू यांनी गव्हर्नरांकडे तक्रार केली. पत्राचा परवाना रद्द झाला. लक्ष्मीकांतनने ‘हिंदू नेसन’ हे दुसरे पत्र हाती घेतले आणि मजकूर पूर्ववत् सुरू राहिला. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्याच्यावर प्राणघातक हल्ला झाला व तो मरण पावला. नायडू सुटले, भागवतर व कृष्णन यांना १९४५ साली जन्मठेप झाली. प्रिव्ही कौन्सिलने प्रकरण फेरविचारार्थ परत पाठविल्यावर १९४७ साली दोघेही निर्दोष ठरले. खुनाचे गूढ मात्र उकलले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भागवतर तुरुंगात असताना ‘हरिदास’ मद्रासेत चालूच होता. पडद्यावरील स्खलनशील तरुण आणि पीतपत्रातील बदनाम नट हे प्रेक्षकाच्या मनात एकमेकांत मिसळून गेले असल्यास नवल नाही. भेद एवढाच, की कथेत पश्चात्तापाला जागा होती, पीतपत्रात ती नव्हती. सुटकेनंतर कृष्णन पुन्हा लोकांना हसवू लागले. भागवतरांना पूर्वीचे स्थान कधीच लाभले नाही, आणि १९५९ साली ते निवर्तले. विनोदी नटाकडून लोकांना निष्कलंकतेची अपेक्षा नव्हती. भक्ताच्या भूमिकेत लोकांनी ज्याची पूजा बांधली, त्यास न्यायालयाचा निर्णयही पुरा पडला नाही.

अशा विषयावरील नाटकास सोपा मार्ग मोहवितो: पत्रकार खल, नट बळी. परंतु येथे तो पत्रकारही मारला गेला आहे. तेंडुलकरांच्या ‘कमला’मध्ये (१९८१) हा मोह टाळलेला दिसतो. जयसिंग जाधव हा वार्ताहर स्त्रियांच्या विक्रीचा पुरावा म्हणून एका बाईस विकत घेऊन पत्रकार-परिषदेत उभी करतो. कमला प्रसिद्ध व्यक्ती नव्हे. तरी माणसाचे बातमीत रूपांतर करण्याची क्रिया तीच आहे. हेतू उदात्त असला तरी ती क्रिया निर्दोष ठरत नाही, आणि कमलेच्या एका भोळ्या प्रश्नाने तिचा झोत जयसिंगच्या स्वतःच्या संसारावर वळतो.

तथापि ‘कमला’तही एक पात्र रंगमंचावर येत नाही: ते वृत्त चवीने वाचणारा वाचक. लक्ष्मीकांतनचे पत्र कोणी तरी विकत घेत होते, आणि त्या संध्याकाळी तोच माणूस कदाचित ‘हरिदास’चे तिकीट काढून डोळे पुशीत होता. न्यायालयाने त्यास कधी बोलाविले नाही. नाटककारास मात्र त्याला बोलाविता येते. तो समोरच्याच खुर्चीत बसलेला असतो.